कॅरोटिड डॉपलरमध्ये ‘७० टक्के ब्लॉक’ : ऑपरेशन कधी, गोळ्या कधी आणि दाखवायचं कोणाला?

प्रश्न असा आहे: वडिलांचं वय ६८, मधुमेह आणि बीपी बरीच वर्षं. अधूनमधून चक्कर येते म्हणून मानेचं कॅरोटिड डॉपलर केलं, म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या धमन्यांची सोनोग्राफी. डाव्या इंटर्नल कॅरोटिडमध्ये ७० ते ७९ टक्के अरुंदपणा, उजवीकडे ५० टक्क्यांहून कमी. एका डॉक्टरांनी लवकर ऑपरेशन करा म्हटलं, दुसऱ्यांनी गोळ्या पुरेत म्हटलं. खरं कोणाचं, आणि आता कोणाला दाखवायचं?

दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण निर्णय नुसत्या ७० या आकड्यावर होत नाही. आधी ठरवायचं ते हे: या प्लाकने, म्हणजे धमनीच्या भिंतीत साठलेल्या चरबीच्या थराने, गेल्या सहा महिन्यांत मेंदूला किंवा डाव्या डोळ्याला दणका दिला आहे का? दिला असेल तर तुमच्या हातात मोजके दिवस आहेत. दिला नसेल तर नीट तपासून, दोन तज्ज्ञांशी बोलून, काही आठवड्यांनी ठरवलं तरी चालतं. एका डॉक्टरांनी चक्कर हे या ब्लॉकचं लक्षण धरलं असावं, दुसऱ्यांनी धरलं नसावं. आणि नुसती चक्कर हे कॅरोटिडचं लक्षण नव्हे.

का नव्हे, ते समजायला धमनीची रचना पाहावी लागते. मानेच्या दोन्ही बाजूंनी एकेक कॉमन कॅरोटिड वर जाते आणि कंठमण्याच्या वरच्या कडेच्या आसपास तिच्या दोन शाखा होतात. एक्स्टर्नल शाखा चेहऱ्याला आणि डोक्याच्या त्वचेला रक्त देते. इंटर्नल शाखा मेंदूच्या पुढच्या मोठ्या भागाला आणि त्याच बाजूच्या डोळ्याला. शाखा फुटतात तिथे धमनी किंचित फुगीर असते, बाहेरच्या भिंतीलगत प्रवाह मंदावतो आणि उलटा फिरतो. प्लाक नेमका तिथेच साठतो. तोल सांभाळणारा लहान मेंदू आणि मेंदूचा देठ यांना मात्र मुख्यतः मानेच्या मागच्या बाजूने चढणाऱ्या व्हर्टिब्रल धमन्या रक्त पुरवतात. म्हणून गरगरणं, तोल जाणं, अंधारी येऊन पडणं यांचा दोष कॅरोटिडवर टाकण्याआधी दुसरी कारणं शोधायला हवीत. वडिलांच्या बाबतीत सर्वांत आधी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर १ व ३ मिनिटांनी बीपी मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर चक्करेचं कारण बहुधा तिथेच सापडेल. मधुमेह आणि बीपीच्या गोळ्या यांच्या जोडीला हे वारंवार दिसतं. शिवाय कानातला दोष, साखर उतरणं, हृदयाचे अनियमित ठोके. यापैकी काही असेल तर मानेचं ऑपरेशन यशस्वी होऊनही चक्कर जशीच्या तशी राहील.

दुसरा गैरसमज असा की ब्लॉक वाढत वाढत जातो आणि नळ तुंबावा तसं मेंदूचं रक्त कमी होतं. क्वचित तसंही होतं, पण मेंदूच्या तळाशी दोन्ही बाजूंच्या धमन्या एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे बऱ्याच लोकांत एक कॅरोटिड पूर्ण बंद होऊनही काही कळत नाही. खरा धोका प्लाक फाटण्याचा असतो. त्याचं वरचं आवरण फाटतं, आतल्या चरबीवर गुठळी बसते आणि तिचे तुकडे वर मेंदूत किंवा डोळ्यात जातात. त्यामुळे ६० टक्क्यांचा ताजा फाटलेला प्लाक ८० टक्क्यांच्या जुन्या, कॅल्शियमने टणक झालेल्या प्लाकपेक्षा घातक ठरू शकतो.

तेव्हा वडिलांना, आणि घरात त्यांच्यासोबत असणाऱ्यांनाही, पुढच्या गोष्टी एकेक करून विचारा. ब्लॉक डावीकडे आहे, म्हणून दुबळेपणा शोधायचा तो उजव्या अंगात. उजवा हात अचानक जड झाला होता का, हातातली वस्तू पडली होती का, चेहरा उजवीकडे उतरला होता का, उजवं अंग बधिर झालं होतं का? बोलताना शब्द सापडेनात, भलतेच शब्द आले, समोरच्याचं बोलणं कळेना असं झालं का? बहुतेक लोकांचं भाषेचं केंद्र डाव्या मेंदूत असतं, म्हणून डाव्या कॅरोटिडमध्ये हा प्रश्न महत्त्वाचा. डोळा मात्र त्याच बाजूचा: डाव्या डोळ्यासमोर पडदा उतरल्यासारखा काळोख काही मिनिटं आला आणि गेला, असं कधी झालं का? त्या वेळी एकेक डोळा झाकून पाहिला होता का, तेही विचारा. दोन्ही डोळ्यांच्या एकाच बाजूचं दिसणं गेलं असेल तर ती डोळ्याची नव्हे, मेंदूची तक्रार. हे प्रकार बहुधा पाच-दहा मिनिटांत ओसरतात आणि माणूस ‘हात आखडला असेल’ म्हणून विसरून जातो. त्यालाच टीआयए किंवा मिनी स्ट्रोक म्हणतात. त्यानंतर मोठा स्ट्रोक येण्याचा धोका पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक असतो, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ यावर समाधान मानू नका.

असं काही या क्षणी घडत असेल तर डॉपलर, ओपीडी, ओळखीचे डॉक्टर हे सगळं बाजूला ठेवून थेट स्ट्रोकची सोय असलेल्या रुग्णालयात जा. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लिहून घ्या, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मेंदूतली मोठी धमनी बंद असेल तर निवडक रुग्णांत गुठळी काढण्याची प्रक्रिया २४ तासांपर्यंत करता येते. सीटी स्कॅन होईपर्यंत स्वतःहून ॲस्पिरिन देऊ नका, कारण तो रक्तस्रावही असू शकतो. पाणी पाजू नका, बीपी उतरवायला जादा गोळीही देऊ नका.

आता हातातल्या रिपोर्टकडे वळू. डॉपलर यंत्र टक्के मोजत नाही, रक्ताचा वेग मोजतं. टक्के त्यावरून काढलेले असतात. म्हणून रिपोर्टचा शेवटचा ‘निष्कर्ष’ वाचून थांबू नका, आतला तक्ता पाहा. इंटर्नल कॅरोटिडमधला सिस्टॉलिक (हृदय आकुंचन पावतानाचा) वेग सेकंदाला १२५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर अरुंदपणा साधारण ५० टक्क्यांच्या आत, १२५ ते २३० असेल तर ५० ते ६९ टक्के, आणि २३० च्या वर ७० टक्के किंवा अधिक, अशी रूढ विभागणी आहे. सोबत इंटर्नल आणि कॉमन कॅरोटिडच्या वेगांचं गुणोत्तर ४ च्या वर आणि डायस्टॉलिक (हृदय सैल पडतानाचा) वेग १०० च्या वर असेल तर ‘७० च्या वर’ या निष्कर्षाला बळ मिळतं. तिन्ही आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर रिपोर्टबद्दल शंका घ्या.

ही मोजणी कुठे फसते? दुसऱ्या बाजूची कॅरोटिड बंद असेल तर या बाजूने जास्त रक्त धावतं आणि वेग खोटा वाढतो. धमनी वेडीवाकडी असेल किंवा तपासनीसाने कोन ६० अंशांपेक्षा जास्त धरला असेल तरी आकडा फुगतो. उलट हृदयाची ताकद कमी असेल किंवा महाधमनीची झडप खूप अरुंद असेल तर वेग खोटा कमी दिसतो. कॅल्शियमची सावली पडली की खालचं काही दिसतच नाही. आणि सर्वांत फसवी अवस्था म्हणजे जवळजवळ बंद झालेली धमनी: तिच्यातून झिरपण्याइतकंच रक्त जातं, वेग मंद असतो, आणि रिपोर्टमध्ये ती ‘फारसा ब्लॉक नाही’ किंवा ‘पूर्ण बंद’ अशी दोन्ही टोकांना चुकू शकते.

टक्के मोजण्याच्या पद्धतीही दोन आहेत. उत्तर अमेरिकेतल्या नॅसेट चाचणीत (चाचणी म्हणजे इथे उपचारांची तुलना करणारा मोठा अभ्यास) अरुंद जागेची तुलना पुढच्या निरोगी धमनीशी केली जाते. युरोपातल्या इसीएसटी चाचणीत त्याच जागेच्या मूळ रुंदीशी. नॅसेटचे ५० टक्के म्हणजे युरोपीय पद्धतीचे साधारण ७५. आज बहुतेक मार्गदर्शक सूचना नॅसेट पद्धतच धरतात, पण तुमच्या रिपोर्टमध्ये कोणती आहे हे विचारायलाच हवं, कारण ‘७० टक्के’ एका पद्धतीत ऑपरेशनच्या पातळीचा असतो तर दुसऱ्या पद्धतीत नॅसेटच्या ५० च्याही आत येतो.

एका डॉपलरवर कोणी शस्त्रक्रियेची तारीख देत असेल तर थांबा. ऑपरेशन किंवा स्टेंटचा विचार असेल तर डोकं आणि मान दोन्हींची सीटी अँजिओग्राफी, नाहीतर एमआर अँजिओग्राफी, किंवा निदान दुसऱ्या अनुभवी तपासनीसाकडून स्वतंत्र डॉपलर हवं. सीटीत महाधमनीच्या कमानीपासून मेंदूतल्या धमन्यांपर्यंत सगळा मार्ग दिसतो. स्टेंट घालायचा असेल तर ही माहिती अनिवार्य आहे. सीटीसाठी शिरेतून डाय (धमन्या दिसाव्यात म्हणून औषध) द्यावा लागतो, म्हणून आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) करा आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असल्यास सांगा. एमआर अँजिओग्राफी अरुंदपणा थोडा वाढवून दाखवते. मेंदूचा एमआरआय मात्र माझ्या मते वडिलांच्या बाबतीत जरूर करावा: डाव्या कॅरोटिडच्या हद्दीत जुने छोटे, न कळलेले स्ट्रोक दिसले तर ‘लक्षण नसलेला रुग्ण’ ही समजूत ढिली पडते. सोबत ईसीजी, आणि शंका असेल तर लांब मुदतीचं होल्टर, म्हणजे अंगावर लावून सतत ठोके नोंदवणारं यंत्र. मानेत ब्लॉक असलेल्या माणसाला एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे अनियमित ठोके, हेही असू शकतं. मग गुठळी हृदयातून आलेली असते आणि दोष मानेला लागतो.

आता शस्त्रक्रियेचा फायदा कोणाला. ज्यांना लक्षणं आली आहेत आणि ब्लॉक ७० ते ९९ टक्के आहे, त्यांच्याबाबत वाद उरलेला नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या नॅसेटच्या निष्कर्षांत, दोन वर्षांत त्याच बाजूचा स्ट्रोक केवळ औषधांवर असलेल्यांपैकी २६ टक्क्यांना झाला, ऑपरेशन झालेल्यांपैकी ९ टक्क्यांना. ५० ते ६९ टक्के ब्लॉकमध्ये फायदा बराच कमी, ५० च्या आत नाहीच. जवळजवळ बंद होऊन पुढची धमनीही आक्रसली असेल तर ठोस फायदा दिसत नाही, आणि पूर्ण बंद झालेली धमनी उघडायला सहसा जात नाहीत. यात वेळेचं गणित फार कडक आहे. लक्षण आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन झालं तर सर्वाधिक फायदा. तीन महिने लोटले की त्यातला बराचसा निघून गेलेला असतो, कारण जे स्ट्रोक टाळायचे होते ते तोवर होऊन गेलेले असतात. ‘महिनाभर गोळ्या घेऊन बघू’ हा सल्ला लक्षणं नसलेल्या रुग्णाला ठीक आहे, टीआयए झालेल्याला नाही. मोठा स्ट्रोक होऊन मेंदूचा बराच भाग गेला असेल किंवा रुग्ण गुंगीत असेल तर मात्र थांबावं लागतं.

लक्षणं नसतील तर फायदा बराच बारीक आहे. १९९५ च्या एकॅस चाचणीत ६० टक्क्यांवरच्या ब्लॉकमध्ये पाच वर्षांचा स्ट्रोकचा धोका औषधांवर ११ टक्के होता, ऑपरेशननंतर ५ टक्के; म्हणजे वर्षाला एक टक्क्याच्या आसपास फायदा. तोही त्या काळातला, जेव्हा आजच्यासारखी जोरदार स्टॅटिन्स (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्या) सगळ्यांना मिळत नव्हती. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रेस्ट-२ मध्ये कडक औषधोपचाराशीच तुलना केली गेली, लक्षणं नसलेल्या ७० टक्के किंवा अधिक ब्लॉकमध्ये. चार वर्षांत स्टेंटच्या गटात २.८ टक्के घटना (म्हणजे सुरुवातीच्या काळात स्ट्रोक किंवा मृत्यू, आणि नंतर त्याच बाजूचा स्ट्रोक), त्याच्यासमोरच्या औषधांच्या गटात ६ टक्के. शस्त्रक्रियेच्या गटात ३.७ विरुद्ध ५.३, पण हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाला नाही. मुद्दाम पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे नुसत्या औषधांवरही सुमारे ९४ टक्के लोकांना चार वर्षांत यातलं काही झालं नाही. आणि हे आकडे निवडक, अनुभवी डॉक्टरांच्या हातचे आहेत, कुठल्याही रुग्णालयातले नव्हेत.

म्हणून लक्षण नसलेल्या रुग्णाचा प्रश्न असा मांडायला हवा: याच्या प्लाकमध्ये काही वेगळी वाईट खूण आहे का? एमआरआयवर जुने मूक स्ट्रोक, सहा-बारा महिन्यांत झपाट्याने वाढलेला ब्लॉक, डॉपलरवर काळपट मऊ दिसणारा प्लाक, प्लाकच्या आत रक्तस्राव, दुसऱ्या बाजूची कॅरोटिड बंद असणं किंवा त्या बाजूने झालेला स्ट्रोक. यातलं काही असेल, आयुर्मान निदान पाच वर्षांचं वाटत असेल आणि सर्जनचे निकाल चांगले असतील तर ऑपरेशन किंवा स्टेंट योग्य ठरतो. काहीच नसेल तर गोळ्यांवर राहणं हा भित्रेपणा नाही.

पण ‘गोळ्यांवर राहणं’ म्हणजे ॲस्पिरिनची एक गोळी आणि वर्षानंतर भेट, असा अर्थ घेऊ नका. ॲस्पिरिन ७५ ते १०० मिलिग्रॅम रोज. चालत नसेल तर क्लोपिडोग्रेल ७५, हीही गुठळी रोखणारी गोळी. दोन्ही एकत्र सहसा फक्त ताज्या टीआयए किंवा छोट्या स्ट्रोकनंतर, बहुधा २१ दिवस. कायम दोन्ही घेतल्याने रक्तस्राव वाढतो. स्टॅटिन जोरदार मात्रेत, म्हणजे ॲटोरव्हास्टॅटिन ४० ते ८० किंवा रोझुव्हास्टॅटिन २० ते ४०, आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली. तिथे पोचत नसेल तर एझेटिमाइब या कोलेस्टेरॉलच्या दुसऱ्या गोळीची भर. इथे हमखास होणारी चूक अशी: एलडीएल ६० आला की ‘आता नॉर्मल झालं’ म्हणून गोळी बंद केली जाते. तो आकडा गोळीमुळेच आलेला असतो. बीपी १३०/८० च्या आत, पण वडिलांचं बीपी उभं राहिल्यावर उतरत असेल तर ते हळूहळू गाठायचं. तंबाखू कुठल्याही रूपात पूर्ण बंद. या सगळ्याचा हिशेब दर तीन महिन्यांनी घेणारं कोणी असलं पाहिजे, नाहीतर चाचणीतले ९४ टक्के तुमच्या घराला लागू होत नाहीत.

हस्तक्षेपाचे मार्ग मुख्यतः दोन. एंडार्टरेक्टमीमध्ये मानेच्या तिरक्या स्नायूच्या पुढच्या कडेने छेद घेतात, रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देऊन धमनी वरखाली चिमट्याने बंद करतात, ती उघडून प्लाक सोलून काढतात आणि बहुधा ठिगळ लावून शिवतात. ठिगळामुळे पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण कमी होतं. धमनी बंद असताना मेंदूला रक्त पुरत नसेल तर तात्पुरती नळी घालतात. पूर्ण भूल की स्थानिक भूल, यावर काथ्याकूट करू नका. २००८ च्या गाला चाचणीत फरक दिसला नाही. धोके: स्ट्रोक, हार्ट ॲटॅक, आणि मानेतल्या मज्जातंतूंना इजा. आवाज घोगरा होणं, जीभ एका बाजूला वळणं, खालच्या ओठाचा कोपरा उतरणं हे त्यामुळे होतं, बहुतेकदा काही आठवड्यांत भरून येतं. कानाच्या पाळीची बधिरता मात्र रेंगाळते.

स्टेंट जांघेतून किंवा मनगटातून घालतात, मेंदूकडे तुकडे जाऊ नयेत म्हणून पुढे गाळणी उघडून. त्याआधी दोन्ही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू कराव्या लागतात आणि नंतर किमान चार आठवडे चालू ठेवाव्या लागतात. एक जरी मधेच सोडली तर स्टेंट गुठळीने बंद होऊ शकतो. फुगा फुगवताना नाडी मंदावते, बीपी पडतं. कधी दिवसभर कमी राहतं. २०१० च्या क्रेस्टमध्ये एकूण निकाल सारखेच निघाले, पण उपचाराच्या वेळचा स्ट्रोक स्टेंटमध्ये ४.१ टक्के तर शस्त्रक्रियेत २.३, आणि हार्ट ॲटॅक उलट, १.१ विरुद्ध २.३. साधारण सत्तरीनंतर शस्त्रक्रिया सरस ठरते, कारण कमानीतल्या धमन्या कडक आणि वळणदार झालेल्या असतात. पूर्वी मानेला रेडिएशन, आधीचं ऑपरेशन किंवा हृदय फार अशक्त असेल तर स्टेंटकडे कल. मानेत छोटा छेद घेऊन, रक्तप्रवाह तात्पुरता उलटा फिरवून स्टेंट घालण्याची तिसरी पद्धतही काही ठिकाणी होते.

दाखवायचं कोणाला? आधी स्ट्रोक पाहणाऱ्या न्यूरोलॉजिस्टला. लक्षण खरंच कॅरोटिडचं आहे का, हे तेच ठरवू शकतात आणि ऑपरेशन करण्यात त्यांचा हात गुंतलेला नसतो. मग व्हॅस्क्युलर सर्जन. आणि स्टेंटचा विषय निघाला तर तो नियमित करणारे न्यूरोइंटरव्हेन्शन तज्ज्ञ किंवा रेडिओलॉजिस्ट. हृदयाच्या स्टेंटमध्ये हातखंडा असणं म्हणजे मानेच्या स्टेंटचा अनुभव असणं नव्हे. जाताना रिपोर्टचा कागदच नव्हे, डॉपलरच्या प्रतिमा आणि सीटी-एमआरआयची सीडी, चालू औषधांची मात्रेसह यादी, अलीकडचा एलडीएल, एचबीएवनसी, क्रिएटिनिन न्या. लक्षण झालं असेल तर तारीख, वेळ, बाजू आणि किती मिनिटं टिकलं ते एका कागदावर लिहून न्या.

सर्जनना सरळ विचारा: गेल्या वर्षभरात तुम्ही अशा किती केसेस केल्या, आणि ३० दिवसांत स्ट्रोक किंवा मृत्यू किती झाले? लक्षणं असलेल्यांत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आत, नसलेल्यांत ३ टक्क्यांच्या आत असावं, अशी सर्वमान्य मर्यादा आहे. त्यापलीकडे गेलं की ऑपरेशनचा फायदाच संपतो. ऑपरेशननंतर रुग्णाला न्यूरोलॉजिस्ट तपासतात का, हेही विचारा. बारीक स्ट्रोक सर्जनच्या नोंदीत निसटतात, न्यूरोलॉजिस्टच्या तपासणीत सापडतात. असा प्रश्न विचारल्यावर जे डॉक्टर नाराज होतात, त्यांच्याकडून दुसरं मत नक्की घ्या. आणि ऑपरेशन ठरलंच तर ॲस्पिरिन व स्टॅटिन आधी बंद करायला सांगितलं जातं का याकडे लक्ष ठेवा. सहसा ती चालूच ठेवायची असतात.

ऑपरेशन झालं तर पहिले काही तास मानेवरची सूज पाहत राहायची. ती वाढत असेल, आवाज बदलत असेल, श्वास घुसमटत असेल तर ते आतलं रक्त आहे आणि श्वासनलिका दबण्याआधी ताबडतोब उघडावं लागतं. घरी आल्यावर पहिले दोन-तीन आठवडे बीपी दिवसातून दोनदा मोजा. त्याच बाजूचं जोरदार डोकं दुखणं, चढलेलं बीपी, फिट येणं ही मेंदूत अचानक जास्त रक्त गेल्याची खूण असते. मेंदूत रक्तस्राव व्हायच्या आत बीपी आवरावं लागतं, म्हणून डोकेदुखीची गोळी देऊन झोपवू नका. पहिलं डॉपलर महिन्याभरात, मग सहा महिन्यांनी, मग दरवर्षी. पहिल्या दोन वर्षांत पुन्हा अरुंद झालेली जागा बहुधा जखम भरतानाच्या जाडीमुळे असते, गुळगुळीत असते आणि तिच्यातून तुकडे सुटण्याचा धोका कमी असतो. तिला लगेच हात लावायची गरज क्वचितच पडते. ऑपरेशन नको ठरलं तर दोन्ही बाजूंचं डॉपलर सहा महिन्यांनी त्याच केंद्रात, शक्य तर त्याच तपासनीसाकडून करा. यंत्र आणि हात बदलले की ब्लॉक वाढला की मोजणी बदलली, हे कळत नाही.